वय मोजायचं की धूर? जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या योजनांबद्दल

कोरांटी

घरात सध्या एकच विषय आहे, बाबांची गाडी. पेट्रोल, 19 वर्षांची, रंग अजून बरा, काचा खाली-वर करायला हँडल. भाऊ म्हणतो, मोडीत काढणाऱ्याला सवलत मिळतेय तोवर देऊन टाका. बाबांचं उत्तर ठरलेलं: "वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरते ती. तेवढ्यात मी कोणाच्या फुप्फुसात धूर घालतो?" दोघांचं भांडण मिटवायला म्हणून वाचायला बसले, तर भांडण तसंच राहिलं आणि माझेच प्रश्न वाढले. म्हणून हा धागा.

आधी माझाच एक गोंधळ सांगते. उत्सर्जनाची मानकं आणि मोडीत काढण्याच्या योजना मी एकाच पिशवीत टाकत होते. मानक लागू होतं ते गाडीच्या जन्माच्या वेळी. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मॉडेलने किलोमीटरमागे किती ग्रॅम काय सोडायचं, एवढीच ती अट. पुढे मानक कितीही कडक झालं तरी आधी विकलेल्या गाडीला ते लागत नाही. म्हणून रस्त्यावर एकाच वेळी चार-पाच पिढ्या धावत असतात आणि पिढ्यांमधलं अंतर बरंच मोठं असतं. युरोपातल्या डिझेल कारचे नायट्रोजन ऑक्साइड घ्या. 2000 च्या युरो 3 या तिथल्या मानकात किलोमीटरमागे 0.50 ग्रॅमची मुभा होती, 2014 च्या युरो 6 मध्ये 0.08. म्हणजे कागदावर तरी एका जुन्या गाडीच्या धुरात सहा नव्या गाड्या बसतात.

हे अंतर लवकर मिटवायचं तर जुनी गाडी रस्त्यावरून उठवायला हवी, म्हणून पैसे द्यायचे. फ्रान्सने 1994 मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीमागे 5000 फ्रँक दिले. जर्मनीने 2009 मध्ये नऊ वर्षांपेक्षा जुन्या गाडीमागे 2500 युरो. ब्रिटनने त्याच वर्षी 2000 पौंड, निम्मे सरकारचे, निम्मे उत्पादकांचे. अमेरिकेने वय फारसं बघितलं नाही, इंधन किती पिते ते बघितलं आणि 3500 किंवा 4500 डॉलर दिले.

माझा प्रश्न इथे अडलाय. यातल्या एकाही योजनेने त्या गाडीच्या सायलेन्सरला नळी लावून "तू नक्की किती धूर सोडतेस" असं विचारलेलं दिसत नाही. वय विचारलं, अ‍ॅव्हरेज विचारलं, धूर नाही. असं का? सोयीचं म्हणून, की वय आणि धूर खरंच हातात हात घालून चालतात?

मागचा_बाक

पंचावन्न पूर्ण झाली. माझंही वय मोजू नये, धूर मोजावा. (हलकेच घ्या.)

वाचतोय.

गॅरेजकाका

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, तेवढ्यावर सांगतो.

वय आणि धूर हातात हात घालून चालत नाहीत. एकाच रस्त्यावरून चालतात एवढंच. इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी नीट ठेवली तर पंधरा वर्षांनीही स्वच्छ असते. आणि पाच वर्षांची गाडी, वेळेवर ऑइल न बदललेली, मिसफायर होत असताना तशीच दामटलेली, ती कन्व्हर्टर (धुराच्या नळीतला, विषारी वायू निवळणारा डबा) जाळून बसते. मिसफायर म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी वितळते. बाहेरून काही कळत नाही.

काय म्हातारं होतं ते सांगतो. पहिला जातो ऑक्सिजन सेन्सर. तो मेला की कॉम्प्युटरला कळत नाही मिश्रण घट्ट झालं की पातळ, मग तो आपला सावधपणे पेट्रोल जास्त सोडतो. गाडी पळते छान, पिकअपही बरा वाटतो, म्हणून मालक येतच नाही. मग पिस्टन रिंग, व्हॉल्व्हची सीलं. गाडी ऑइल खायला लागली की ते ऑइल जळून कन्व्हर्टरवर थर बसतो.

आणखी एक. लोकांना दिसतो तोच धूर वाटतो. निळा असेल तर ऑइल, काळा असेल तर इंधन जास्त, थंडीत सकाळी पांढरा असेल तर बहुतेक नुसती वाफ. पण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. सगळ्यात घाण गाडी तुमच्यासमोरून अगदी स्वच्छ दिसत जाऊ शकते.

प्रयोगवही

काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि त्याला आकड्यांची जोड देते. डेन्व्हर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात एक उपकरण केलं. रस्त्याच्या एका कडेने इन्फ्रारेड किरण सोडायचा, दुसऱ्या कडेला तो पकडायचा आणि मधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या धुराचं विश्लेषण अर्ध्या-एक सेकंदात करायचं. गाडी थांबवायची नाही, ड्रायव्हरला पत्ताही नाही. त्यातून जे निघालं ते फार बोलकं होतं: एकूण कार्बन मोनॉक्साइडपैकी साधारण निम्मा फक्त दहा टक्के गाड्या सोडत होत्या. त्या दहा टक्क्यांत जुन्या गाड्यांचा भरणा होता हे खरं. पण बहुसंख्य जुन्या गाड्या त्या दहा टक्क्यांत नव्हत्या. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि सगळा वाद त्यांच्या मधल्या फटीत आहे.

थोडं मागे जाते. हा सगळा खटाटोप सुरू झाला लॉस एंजेलिसमधल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्यामुळे. आधी सगळे कारखान्यांकडे बोट दाखवत होते. मूळचे डच असलेले आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या सुमारास दाखवलं की गाड्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे नळीतून निघतं ते एक आणि डोळ्यांत जातं ते भलतंच. पुढे 1970 च्या अमेरिकन कायद्याने कंपन्यांना पाच-सहा वर्षांत उत्सर्जन 90 टक्के कमी करायला सांगितलं. तेव्हा ते कसं करायचं हे कोणालाच धड माहीत नव्हतं. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण 1975 च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि शिसं त्या कन्व्हर्टरचं विष असल्यामुळे बिनशिशाचं पेट्रोलही आलं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते: नळीच्या टोकाला काही अडकवायचं म्हणून अख्खं इंधन बदलावं लागलं. शिसंवालं पेट्रोल जगातून पूर्ण जायला मात्र 2021 उजाडलं. शेवटचा देश अल्जीरिया.

आता कोरांटी, तुझ्या बाबांचा मुद्दा. कन्व्हर्टरला काम करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. तोवर तो नळीत अडकवलेला नुसता दगड असतो. आधुनिक पेट्रोल गाडीच्या छोट्या फेरीतलं बहुतेक प्रदूषण पहिल्या एक-दोन मिनिटांत होतं. वर्षाला तीन हजार किलोमीटर म्हणजे दहा लांबचे प्रवास असतील तर बाबा बरोबर आहेत. पण ते रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ती गाडी आयुष्यभर थंडच चालली आहे.

कोरांटी

@प्रयोगवही: रोज. भाजी, वाचनालय, मित्राकडे पत्ते. हे बाबांना सांगायचं धैर्य गोळा करते आहे.

टिंबटिंब

तुम्ही लोक सायलेन्सरपाशी थांबलात, मी जरा खिशाकडे येतो.

मूळ प्रश्न: धूर का नाही मोजला? कारण या योजना धुरासाठी नव्हत्याच. 2009 साल बघा. जगभर मंदी, गाड्यांचे कारखाने आचके देत होते. जर्मनीने तर योजनेचं नाव "पर्यावरण बोनस" ठेवलं होतं. लोकांनी ते झुगारून तिला "मोडीची बक्षिसी" अशा अर्थाचं नाव दिलं आणि तोच त्या वर्षीचा जर्मन भाषेतला "वर्षाचा शब्द" ठरला. आधी दीड अब्ज युरो ठेवले होते, रांगा बघून पाच अब्ज केले. जवळपास वीस लाख गाड्या मोडीत गेल्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिजोरी रिकामी.

अमेरिकेत एक अब्ज डॉलर काही दिवसांत संपले, वर दोन अब्ज घातले, तेही ऑगस्टअखेर संपले. 6 लाख 77 हजार गाड्या. यशच म्हणायचं ना? पण आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब मांडला. त्या दोन महिन्यांत सुमारे 3 लाख 70 हजार गाड्या जास्त विकल्या गेल्या आणि मार्च 2010 पर्यंत विक्री तेवढीच खाली येऊन सगळं फिटलं. म्हणजे जे लोक काही महिन्यांनी गाडी घेणारच होते त्यांनी ती उन्हाळ्यात घेतली. दुसऱ्या एका अभ्यासात निघालं की साधारण 60 टक्के अनुदान अशा घरांत गेलं जी त्याच दोन महिन्यांत एरवीही गाडी घेणार होती. आणि वरकडी म्हणजे, सवलतीची अट कमी इंधन पिणाऱ्या गाडीची असल्यामुळे लोकांनी मोठीऐवजी छोटी, स्वस्त गाडी घेतली. उद्योगाला हातभार लावायला निघालेल्या योजनेमुळे उद्योगाचा गल्ला शेवटी घटला!

फ्रान्सचंही तेच. 1994 ते 1996 मध्ये दोन पंतप्रधानांच्या दोन योजना, विक्रीला उधाण, आणि बक्षिसी बंद झाल्यावर 1997 मध्ये बाजार धाडकन खाली.

प्रयोगवही

उद्योगाचा गल्ला घटला हे हवेच्या दृष्टीने वाईट कसं? उलट छोटी गाडी घेतली हे बरंच की. अमेरिकेत बदलून दिलेल्या गाड्यांचं सरासरी अ‍ॅव्हरेज गॅलनला 15.8 मैल होतं, घेतलेल्यांचं 24.9.

टिंबटिंब

वाईट नाही, महाग. त्याच पैशात काय मिळालं असतं ते बघा. वाचवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा खर्च टनाला 200 डॉलरच्या वर गेला, तोही सगळी गृहीतकं योजनेच्या बाजूने धरून.

आणि मानकांबद्दल सगळे चांगलंच बोलत आहेत म्हणून एक काडी टाकतो. हॉवर्ड ग्रुएनस्पेख्ट यांनी 1982 मध्येच दाखवलं होतं: नवीन गाडीचं मानक कडक केलं की नवीन गाडी महाग होते. महाग झाली की लोक जुनी जास्त वर्षं चालवतात. म्हणजे काही काळ तरी कडक मानकामुळे रस्त्यावरचा धूर वाढूही शकतो. जुनीला कायद्याने सूट आणि नवीला ओझं, मग जुनीचा भाव वधारणारच. कोरांटीचे बाबा हे त्या सिद्धांताचं चालतंबोलतं उदाहरण आहेत.

मागचा_बाक

बाबांवर पीएचडी होणार बहुतेक.

शिशिर_ऋतू

अमेरिकन योजनेतली एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती मला विसरता येत नाही. गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिन मारायची अधिकृत पद्धत ठरवून दिली होती. ऑइल काढून टाकायचं, त्याजागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन 2000 आरपीएमला (मिनिटाला 2000 फेरे) चालवत ठेवायचं. पाणी उडून जातं, मागे काच राहते. काही मिनिटांत इंजिन घुसमटून कायमचं बसतं. त्याचे व्हिडिओ तेव्हा खूप फिरले. कितीतरी गाड्या धडधाकट होत्या, नुसत्या पेट्रोल जास्त पिणाऱ्या.

जर्मनीत असं काही नव्हतं. मोडीत काढणाऱ्याने दाखला द्यायचा, दाखला दाखवून पैसे घ्यायचे. मग व्हायचं ते झालं. दाखला निघाला आणि गाडी मात्र जहाजात बसून पूर्व युरोपात नाहीतर आफ्रिकेत. एकाच गाडीचे दोनदा पैसे. तेव्हा मी तिथे शिकत होतो आणि वर्तमानपत्रांत हे रोज यायचं. काचेची युक्ती क्रूर वाटते, पण तिने ही पळवाट बंद केली हे मान्य करावं लागेल.

गॅरेजकाका

ते व्हिडिओ मी एकदाच बघितले. परत नाही बघवले. इंजिन ओरडतं हो.

अर्धविराम

मला या सगळ्या चर्चेत एक माणूस दिसत नाही: ज्याला नवीन गाडी परवडतच नाही तो. बक्षिसी कोणाला मिळते? जो जुनी देऊन नवी घेऊ शकतो त्याला. जो पाच हातांतून फिरलेली गाडी घेऊन कामावर जातो त्याला तुमची सवलत उपयोगाची नाही. उलट तुम्ही लाखो चालत्या गाड्या काच ओतून मारता तेव्हा त्याच्या बाजारातला माल आटतो आणि त्याला तीच खटारा जास्त भावाने घ्यावी लागते.

आणि देशांच्या पातळीवरही हाच खेळ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालानुसार 2015 ते 2018 या काळात 1 कोटी 40 लाख वापरलेल्या छोट्या गाड्या निर्यात झाल्या, त्यातल्या सुमारे 80 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. श्रीमंत देशाची हवा स्वच्छ होते, आकडेवारी सुधारते, आणि धूर बंदर बदलतो. त्यात कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं, म्हणून बऱ्याचदा तो काढून घेऊनच गाडी पाठवतात. म्हणजे मोडीचा मौल्यवान भाग ठेवून घ्यायचा आणि धूर तेवढा पाठवायचा.

शिशिर_ऋतू

दुसरा परिच्छेद शंभर टक्के मान्य. पहिल्यावर थोडी तक्रार. पाच हातांतून फिरलेली गाडी ज्याच्याकडे असते तो राहतोही मोठ्या रस्त्याच्या कडेलाच. सगळ्यात जास्त धूर त्याच्याच मुलांच्या छातीत जातो. गरिबाची गाडी वाचवायची की गरिबाचं फुप्फुस, हा प्रश्न इतका सोपा नाही.

अर्धविराम

सोपा नाहीच. पण मग त्याला गाडी घ्यायला नव्हे, गाडी सोडायला पैसे द्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात 1996 पासून अशी योजना चालली: जुनी गाडी मोडीत द्या आणि बदल्यात बसचा पास घ्या, सायकल घ्या. फिनलंडने अलीकडच्या योजनेत विजेची सायकल आणि सार्वजनिक वाहतुकीची तिकिटं हे पर्याय ठेवले. लंडनने 2023 मध्ये कमी-धूर क्षेत्र पूर्ण शहराला लागू केलं तेव्हा आधी कमी उत्पन्नाच्या लोकांना बक्षिसी दिली. आणि पुढे तर मोडीत काढण्याऐवजी गाडी युक्रेनला दान करायची मुभा दिली. नवी गाडी घेतलीच पाहिजे ही अट कुठून आली, हे टिंबटिंब यांनी वर सांगितलंच आहे.

कोरांटी

काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. चूक असेल तर सांगा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. बाबांची गाडी लिटरला 11 देते. नवी 18 देईल असं धरलं. वर्षाला 3000 किलोमीटर: जुनीला 273 लिटर, नवीला 167. वाचले 106 लिटर, म्हणजे 244 किलो. नवीन गाडी बनवतानाच काही टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, आकाराप्रमाणे कमी-जास्त; मी 6 टन धरला. 6000 भागिले 244, उत्तर साडेचोवीस वर्षं! बाबा तोवर चौऱ्याण्णव वर्षांचे असतील आणि नवी गाडीही मोडीत गेली असेल.

हाच हिशोब वर्षाला 20,000 किलोमीटर फिरणाऱ्यासाठी केला तर पावणेचार वर्षांत फिटतं. म्हणजे गाडी तीच, वय तेच, पण उत्तर उलटं. मग योजनेने वयाऐवजी ओडोमीटर का बघू नये?

प्रयोगवही

हिशोब बरोबर आहे. पेट्रोल विहिरीतून पंपापर्यंत आणण्याचा खर्च त्यात नाही, तो धरला तर वर्षं थोडी कमी होतील. मोडीतल्या धातूचा फायदाही आहे, कारण जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवीन करायला खनिजापासून करण्याच्या मानाने ऊर्जा जेमतेम पाच टक्के लागते.

पण तू दोन वेगळ्या वह्या एकत्र केल्यास. कार्बन डायऑक्साइड ही एक वही. तो कुठेही सुटला तरी सारखाच आणि त्याचा हिशोब टनांत, वर्षानुवर्षांचा. नायट्रोजन ऑक्साइड, काजळीचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड ही दुसरी वही. ते ज्या गल्लीत सुटले त्या गल्लीत भोवतात, आज, आत्ता. युरो 1 च्या डिझेलला किलोमीटरमागे 0.14 ग्रॅम कणांची मुभा होती, युरो 5 ला 0.005. तिथे साडेचोवीस वर्षं वगैरे काही नाही, जुनं डिझेल शाळेसमोरून हटलं की त्याच दिवशी फरक. पहिल्या वहीत बाबा जिंकतात. दुसरीत मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

टिंबटिंब

मोजल्याशिवाय सांगता येत नाही हे नवीनलाही लागू. आकडे सगळे प्रयोगशाळेतले आहेत. 18 सप्टेंबर 2015 आठवा. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असा प्रोग्राम होता की चाचणी चालू आहे हे गाडीला कळायचं. स्टीअरिंग हलत नाही, चाकं फिरतात, म्हणजे परीक्षा. तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या. आणि पकडलं कोणी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्याशा गटाने, मोजायचं यंत्र डिकीत ठेवून गाडी हमरस्त्यावर पळवली म्हणून.

आता गंमत बघा. 2009 मध्ये जर्मनीत ज्याने जुनी पेट्रोल गाडी मोडीत देऊन बक्षिसीवर चकचकीत डिझेल घेतली असेल, त्याने नायट्रोजन ऑक्साइड वाढवले असण्याचीच शक्यता आहे. कागदावरसुद्धा त्या काळी डिझेलला पेट्रोलच्या तिप्पट मुभा होती: 0.18 आणि 0.06.

शिशिर_ऋतू

बरोबर. म्हणून तर 2017 पासून युरोपात नवीन मॉडेलची प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घेतात. आणि येणाऱ्या युरो 7 मध्ये नळीच्याही पलीकडे, ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कण आलेत. ते तर विजेच्या गाडीलाही चुकत नाहीत.

खडूस_मास्तर

भारताचा दाखला कोणीच दिला नाही, आणि तुमच्या "वय की धूर" या प्रश्नाची दोन्ही उत्तरं तिथे एकाच देशात नांदली. 2021 च्या मोडीत काढण्याच्या धोरणात गाडी फिटनेस चाचणीत नापास झाली की मोडीत, असा विचार आहे. मोडीत दिल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नवीन खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट. हा झाला धूर मोजणारा मार्ग. आणि दिल्लीत दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरलेला नियम. तो 2025 पर्यंत निव्वळ वयाचा होता.

मानकांच्या बाबतीत मात्र भारताने धाडस केलं. बीएस (भारत स्टेज, म्हणजे तिथली उत्सर्जनाची मानकं) 4 वरून बीएस 5 गाळून 1 एप्रिल 2020 ला थेट बीएस 6. सोबत इंधनातलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाखांत 50 भाग) 10 वर. हे शेवटचं वाक्य परत वाचा. गंधक कन्व्हर्टरला मारतं. गंधक कमी केलं तर नव्याबरोबर जुनी गाडीही थोडी सुधारते, कोणालाही बक्षिसी न देता.

आणि तारखेची मानकं कशी फसतात तेही तिथेच दिसलं. 29 मार्च 2017 ला न्यायालयाने सांगितलं, 1 एप्रिलपासून बीएस 3 ची विक्री बंद. मग दोन दिवस विक्रेत्यांनी अशा सवलती दिल्या की दुकानांपुढे रांगा. घाण माल थांबवायचा म्हणून काढलेल्या हुकुमाने तो दोन दिवसांत घरोघरी पोचवला.

गॅरेजकाका

मास्तर, फिटनेस चाचणी म्हणता, ती खरी झाली तर. एका ठिकाणी बघितलंय, नाव घेत नाही, नळी सायलेन्सरमध्ये न घालता बाहेर हवेत धरलेली आणि कागद छापून हातात. हवा पास झाली! दुसरीकडे एकच स्वच्छ गाडी उभी, तिच्यावर दिवसभर सगळ्यांचे कागद.

डिझेलचं तर त्याहून वाईट. काजळी अडवणारा फिल्टर चोंदला की नवीन महाग, म्हणून लोक आतला गाभा काढून रिकामा डबा परत वेल्ड करून घेतात. बरेच जण स्वतःहून मागतात. मी करत नाही, शेजारचा करतो. नेहमीच्या धूर तपासणीत ते पकडलंच जात नाही, कारण कण इतके बारीक की काळं काही दिसत नाही. नेदरलँड्सने 2023 पासून कण मोजायचं यंत्र तपासणीत आणलंय असं पोराने दाखवलं. ते आलं पाहिजे सगळीकडे. तोवर तीन वर्षांची डिझेल, रिकाम्या डब्याची, ताईंच्या बाबांच्या गाडीला म्हातारी म्हणून हिणवणार.

टिंबटिंब

म्हणजे मोजणंही विकत घेता येतं. मग वयावर नियम करणारा माणूस म्हणेल, जन्मतारीख निदान खोटी करता येत नाही. मला वयाचा नियम पटत नाही, पण तो का केला जातो हे आज पहिल्यांदा पटलं.

प्रयोगवही

म्हणूनच स्टेडमन यांची पद्धत मला पटते. रस्त्याच्या कडेचा किरण लाच घेत नाही. त्यात जी गाडी परत परत सापडेल तिच्याच मालकाला बोलवा, तपासा, दुरुस्तीला अर्धे पैसे द्या, दुरुस्त होत नसेल तर मोडीचे पूर्ण द्या. 1990 मध्ये लॉस एंजेलिस भागात युनोकल या तेल कंपनीने 1971 च्या आधीच्या गाड्या 700 डॉलरला विकत घेतल्या, आठ हजारांहून जास्त. नवीन गाडीची अट नाही. त्या पिढीच्या गाड्यांत कन्व्हर्टरच नव्हता, म्हणून तिथे वयावरून ओळखणं चाललं. आज वीस वर्षांच्या गाडीतही कन्व्हर्टर आहे. प्रश्न तो जिवंत आहे का, एवढाच.

मागचा_बाक

मग बाबांच्या गाडीचा आहे का जिवंत? धागाकर्तीने एवढं रामायण घडवून आणलं आणि मूळ रुग्णाची नाडीच बघितली नाही.

कोरांटी

बघितली. म्हणूनच चार दिवस गायब होते.

गॅरेजकाकांनी नळी हवेत धरण्याचं लिहिलं होतं, म्हणून मी स्वतः शेजारी उभी राहिले. पहिला आकडा: कार्बन मोनॉक्साइड 2.8 टक्के. तपासणाऱ्याने भुवया उंचावल्या, चांगल्या गाडीचा अर्ध्या टक्क्याच्या आत असतो म्हणाला. भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाबा एकदम गप्प. खरं सांगते, मला त्यांचं वाईट वाटलं, कारण वर्षानुवर्षं ते मनापासून म्हणत होते की माझी गाडी कोणाला त्रास देत नाही.

मग काकांचा पहिला प्रतिसाद दाखवून मेकॅनिकला म्हटलं, आधी ऑक्सिजन सेन्सर बघा. तो मेलेला होता, कधीपासून कोण जाणे. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागत नव्हता, कारण आधीच्या कोणीतरी त्याचा बल्बच काढून ठेवला होता! सेन्सर बदलला, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. परत मोजलं: 0.2. अ‍ॅव्हरेज 11 वरून 13 च्या आसपास आलंय असं बाबांची वही सांगते. मोडीच्या बक्षिसीच्या एका छोट्या तुकड्यात हे झालं, आणि त्यासाठी एक पैसाही कुठल्या योजनेतून मिळत नाही.

भाऊ अजून म्हणतोय की नवी घ्या. बाबा 0.2 चा कागद फ्रीजवर चिकटवून बसलेत.

अर्धविराम

फ्रेम करून द्या त्यांना.

गॅरेजकाका

वा! कन्व्हर्टर वाचला हे नशीब, इतकी वर्षं जास्त पेट्रोल पिऊन बहुतेक जातो. सहा महिन्यांनी परत मोजा. आणि एक सांगा, 0.2 आला तेव्हा गाडी फिरवून आणली होती की थंड इंजिनवर घेतला?

कोरांटी

फिरवून आणली होती, चांगली अर्धा तास. थंड असतानाही एकदा मोजून बघू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "ते राहू दे आता."